अकरावीच्या बीजगणित-त्रिकोणमितीची उद्दिष्टं: अनुक्रमणिका नको, मग लिहायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा. मुंबईच्या उपनगरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात यंदाच रुजू झालेल्या एका शिक्षकांना अकरावी विज्ञानच्या बीजगणित आणि त्रिकोणमितीची 'अध्ययन निष्पत्ती', म्हणजे वर्षाअखेर मुलांना काय करता यायला हवं याची उद्दिष्टं, लिहून द्यायला सांगितली. त्यांनी २४ मुद्दे लिहिले. विभागप्रमुखांनी कागद परत केला, वर शेरा मारला, "ही तर पुस्तकाची अनुक्रमणिका झाली." आता ते विचारतात की नेमकं लिहायचं काय, किती लिहायचं, आणि ८० मुलांच्या वर्गात ते साधलं की नाही हे कळायचं कसं.

मी मध्य मुंबईतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात २९ वर्षं गणित शिकवलं. असे कागद मीही लिहिले आणि पुढे विभागात आलेल्या नव्या शिक्षकांचे तपासलेही. त्यामुळे सविस्तर लिहिते.

तुमच्या यादीतलं एक वाक्य तुम्ही दिलं आहे: 'विद्यार्थ्यांना त्रिकोणमितीय फलांची ओळख होईल.' हे वाक्य मार्चमध्ये खोटं ठरवता येईल का, असं स्वतःला विचारा. नाही येणार. धडा शिकवून झाला की 'ओळख' झालीच. जे वाक्य खोटं ठरूच शकत नाही, ते खरं झालं की नाही हेही कधी कळत नाही. तुमचा तिसरा प्रश्न, म्हणजे साधलं की नाही हे कसं कळावं, तो इथूनच निघाला आहे. उद्दिष्टाच्या वाक्यात मूल दिसलं पाहिजे. वही मिटलेली आहे, तुम्ही शेजारी नाही, गाइड नाही, आणि ते कोऱ्या कागदावर काहीतरी करतं आहे. ते काय करतं आहे, तेवढंच लिहायचं. 'समजेल', 'जाणेल', 'आकलन होईल' ही क्रियापदं काढून टाका. 'काढून दाखवेल', 'निवडेल', 'चूक शोधेल', 'एका वाक्यात कारण सांगेल' अशी ठेवा. एवढं केलंत तरी २४ पैकी निम्मी वाक्यं आपोआप गळतील, कारण त्यात मूल काय करणार हे तुम्हालाच सांगता येणार नाही.

काही गोष्टी तुमच्या वर्गावर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. मुलं सीईटीला बसणार आहेत की गणित बोर्डापुरतंच हवं आहे? किती मुलं इंटिग्रेटेड क्लासची आहेत, म्हणजे नाव तुमच्याकडे आणि हजेरी दुसरीकडे? मराठी माध्यमातून किती आली आहेत? सेमी-इंग्रजीवाल्यांना शब्दांचा त्रास कमी होतो. पूर्ण मराठीतून आलेल्या मुलाला मात्र 'कोइफिशंट' म्हणजे आपला सहगुणकच आणि 'रूट' म्हणजे आपलं मूळच, हे कळेपर्यंत दोन महिने जातात, आणि तोवर त्याची खात्री झालेली असते की आपलं गणितच कच्चं आहे. असा वर्ग असेल तर फळ्याच्या एका कोपऱ्यात दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहीत जा. हे उद्दिष्टांच्या कागदावर येणार नाही, पण याच्यावाचून कागदावरचं काही घडणारही नाही.

आता दहावी आणि अकरावीच्या मधली फट बघा, कारण उद्दिष्टं तिथूनच सुचतात. दहावीत बीजगणित आणि भूमिती असे ४०-४० गुणांचे दोन पेपर, आणि त्रिकोणमिती भूमितीच्या पुस्तकात. तिथे साइन म्हणजे समोरची बाजू भागिले कर्ण, कोन नेहमी लघुकोन, आणि उदाहरणात दीपगृह किंवा पतंग. अकरावीच्या पहिल्या भागात पहिलाच धडा कोन आणि त्याच्या मापनाचा, आणि बघता बघता कोन २१० अंशांचा होतो, उणे होतो, ७५० अंशांचा होतो. काटकोन त्रिकोणात २१० अंशांचा कोन कुठे बसवायचा? हुशार मूल हा प्रश्न विचारत नाही, सूत्र पाठ करून पुढे जातं. जे मूल विचारतं ते बऱ्याचदा 'कच्चं' समजलं जातं. मला वाटतं, आपल्या विषयात सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

म्हणून पहिल्या आठवड्यात सहा प्रश्नांचा एक कागद द्या. त्याला गुण देऊ नका. (९ + १६) चं वर्गमूळ किती? (क² + ख²) चं वर्गमूळ क + ख असतं का? क्ष² = ५क्ष सोडवा. १/क्ष + १/य एका छेदावर आणा. ७ − (२ − क्ष) सोपं रूप द्या. साइन ३० अंशांची दुप्पट म्हणजे साइन ६० अंश का? दहावीला नव्वदच्या वर गुण मिळवलेली मुलं पहिल्या प्रश्नाचं उत्तर ५ असं बरोबर लिहितात आणि दुसऱ्याला बेधडक 'हो' म्हणतात. आकडे असले की ती हिशेब करतात. अक्षरं आली की हिशेब थांबतो आणि चिन्हं इकडून तिकडे हलवणं सुरू होतं. उद्दिष्टं लिहिण्याआधी हा कागद तपासा. कुठून सुरुवात करायची ते तो सांगेल.

आता मजकुराकडे. माझ्या मते बीजगणितातलं सगळ्यात मोठं उद्दिष्ट आहे समीकरण सोडवताना काय चाललं आहे याचं भान. क्ष² = ५क्ष मध्ये दोन्हीकडचा क्ष 'कापला' की उत्तर ५ येतं आणि शून्य हरवतं. त्रिकोणमितीत तोच रोग परत भेटतो: साइन क्ष गुणिले कॉस क्ष = साइन क्ष, दोन्हीकडून साइन क्ष उडवला, आणि १८० अंश, ५४० अंश अशी सगळी उत्तरं गेली. उलटही होतं. (क्ष + ६) चं वर्गमूळ = क्ष, हे सोडवायला दोन्ही बाजूंचा वर्ग केला की क्ष² − क्ष − ६ = ० मिळतं, उत्तरं ३ आणि −२. पण −२ मूळ समीकरणात घाला: डावीकडे ४ चं वर्गमूळ २, उजवीकडे −२. हे उपरं उत्तर वर्ग करताना घुसलं. तेव्हा उद्दिष्टाचं वाक्य असं होईल: 'आपल्या प्रत्येक पायरीवर उत्तर हरवलं का किंवा उपरं उत्तर आलं का, हे विद्यार्थी ओळखेल आणि मूळ समीकरणात घालून तपासेल.' हे एक वाक्य वर्गसमीकरणांना लागू होतं, लॉगला होतं, त्रिकोणमितीय समीकरणांनाही होतं. धड्यांची नावं लिहिली असती तर तीन वेगळे मुद्दे झाले असते आणि त्यांच्यातला धागा दिसलाच नसता.

यासाठी माझं आवडतं उदाहरण बाराव्या शतकातलं, भास्कराचार्यांच्या बीजगणितातलं. माकडांचा एक कळप आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून जे येईल त्याच्या वर्गाइतकी माकडं गुहेत गेली, एक फांदीवर दिसतं आहे, तर कळप केवढा? समीकरण मांडलं की क्ष² − ५५क्ष + २५० = ० येतं आणि उत्तरं ५० आणि ५. मुलांना दोन्ही तपासायला सांगा. ५ सुद्धा समीकरणात बसतं! पण पाचचा पाचवा भाग एक, त्यातून तीन वजा केले की उणे दोन माकडं, आणि त्यांचा वर्ग चार गुहेत. भास्कराचार्यांनी ५ हे उत्तर सोडून दिलं. इथे वर्गात दहा मिनिटं द्या. समीकरणाला मान्य असलेलं उत्तर गोष्टीला मान्य आहे का, हा प्रश्न मुलांनी त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून विचारलेला असतो.

दुसरं उद्दिष्ट रूपांचं. क्ष² − ६क्ष + ५ हीच पदावली (क्ष − १)(क्ष − ५) अशी लिहिली की ती शून्य कुठे होते ते दिसतं. (क्ष − ३)² − ४ अशी लिहिली की तिची सगळ्यात लहान किंमत −४ आहे आणि ती क्ष = ३ ला मिळते हे दिसतं. मूळ रूपात क्ष = ० ठेवला की ५. आपली मुलं अवयव पाडायला सांगितलं की पाडतात, पूर्ण वर्ग करायला सांगितलं की करतात. प्रश्नच तसा विचारला जातो, म्हणून कुठलं रूप कधी हवं हे ठरवायची वेळ त्यांच्यावर येतच नाही. उद्दिष्टात 'निवडेल' हे क्रियापद इथे घाला: 'प्रश्न पाहून पदावलीचं सोयीचं रूप निवडेल आणि निवडीचं कारण सांगेल.' बारावीत इंटिग्रेशनला साइन वर्ग क्ष आला की त्याच्या जागी (१ − कॉस २क्ष)/२ लिहायचं असतं. ते सुचणं म्हणजे हेच कौशल्य, फक्त पोशाख वेगळा.

फलांबद्दल (फंक्शन्सबद्दल) थोडक्यात. सूत्र, तक्ता, आलेख आणि शब्द, या चारांपैकी एक दिलं की बाकीची तीन करता आली पाहिजेत. आलेख सरकवण्यात क्ष च्या जागी (क्ष − ३) लिहिलं की आलेख उजवीकडे का जातो, हे मुलानं एक बिंदू घेऊन पटवून दिलं तर पुरे.

त्रिकोणमितीवर मात्र थांबते, कारण इथे माझी स्वतःची एक चूक सांगायची आहे. चार चरणांतली चिन्हं लक्षात ठेवायला आपण सगळेच 'ऑल सिल्व्हर टी कप्स' शिकवतो (पहिल्या चरणात सगळी धन, मग क्रमानं साइन, टॅन, कॉस). मीही शिकवायचे. एका वर्षी चाचणीत चिन्हांचा प्रश्न जवळजवळ सगळ्यांना बरोबर आला आणि मी खुशीत होते. पुढच्या तासाला सहज विचारलं, "साइन १६० आणि साइन १७०, यातलं मोठं कोणतं?" दोन्ही दुसऱ्या चरणातले, दोन्ही धन. वर्ग गप्प. कप होते, पण डोळ्यांसमोर वर्तुळ नव्हतं. त्यानंतर मी क्रम उलटा केला. आधी एक एकक त्रिज्येचं वर्तुळ, त्यावर फिरणारा बिंदू. बिंदू मधल्या आडव्या रेषेपासून किती वर किंवा खाली, तो साइन. मधल्या उभ्या रेषेपासून किती उजवीकडे किंवा डावीकडे, तो कॉस. १६० अंशांवर बिंदू डावीकडे खाली उतरतो आहे, १७० वर आणखी खाली. प्रश्न संपला. चहाचे कप मी डिसेंबरमध्ये दिले, घाईच्या वेळेसाठी.

तर उद्दिष्ट: 'कोणताही कोन दिला, उणे किंवा ३६० अंशांपेक्षा मोठा असला तरी, विद्यार्थी वर्तुळ काढून त्या कोनाच्या साइन-कॉसचं चिन्ह आणि अंदाजे किंमत सांगेल.' यात 'अंदाजे' हा शब्द मुद्दाम आहे. बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, म्हणून आपण ३०, ४५, ६० अंशांपलीकडे जात नाही, आणि मुलांना वाटू लागतं की बाकीच्या कोनांना साइन नसतोच. आलेखाच्या कागदावर १० सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढायला लावा आणि साइन ४० मोजपट्टीनं मोजून घ्या. ६.४ सेंटिमीटर येईल, म्हणजे ०.६४. एकदा स्वतः मोजलेला साइन मूल विसरत नाही.

रेडियन हा या भागातला सगळ्यात दुर्लक्षित विषय. १८० अंश म्हणजे पाय रेडियन, एवढं रूपांतर जमलं की आपण पुढे सरकतो. पण रेडियन का? इथे आर्यभटांची मदत घ्या. इ. स. ४९९ च्या आर्यभटीयात 'ज्या' या मापाची सारणी आहे, दर ३ अंश ४५ कलांना (एका अंशाच्या ६० कला) एक, अशा पाव वर्तुळात २४. ज्या किंवा जीवा म्हणजे धनुष्याची दोरी. हाच 'जीवा' शब्द अरबीत जाऊन, तिथे वेगळा वाचला जाऊन, लॅटिनमध्ये 'सायनस' झाला आणि आपल्याकडे 'साइन' होऊन परतला. त्या सारणीत त्रिज्या ३४३८ धरली आहे. हा आकडा विचित्र वाटतो, पण पूर्ण वर्तुळाच्या २१६०० कलांना दोन पायनं भागा. बरोबर ३४३८ च्या जवळ येता. म्हणजे परिघ ज्या मापानं मोजला त्याच मापानं त्रिज्या मोजली, आणि रेडियनचा सगळा अर्थ एवढाच आहे. आता सारणीतली पहिली ज्या बघा: कंस २२५ कलांचा, ज्याही २२५. लहान कोनाला कंस आणि ज्या जवळपास सारखे. वर्षाच्या शेवटी लिमिट्सच्या धड्यात 'साइन क्ष भागिले क्ष ची सीमा १' हे येतं तेव्हा मुलांना ते आकाशातून पडल्यासारखं वाटतं. ऑगस्टमध्ये हा २२५ दाखवलेला असेल तर ते ओळखीचं निघतं. आणि ही सीमा अंशांत १ का येत नाही, हेही एखादी मुलगी स्वतःहून विचारते. माझ्या वर्गात दोनदा विचारलं गेलं, आणि ते दोन तास मला आजही आठवतात.

मुंबईत त्रिकोणमिती शिकवणाऱ्याला एक फायदा आहे. आपल्याला समुद्र आहे. दर पावसाळ्याआधी महापालिका साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीचे दिवस जाहीर करते आणि वर्तमानपत्रात रोज भरती-ओहोटीच्या वेळा येतात. समजा एका दिवशी भरती ४.६ मीटर आणि ओहोटी १ मीटर. मधली पातळी २.८, तिच्या वर किंवा खाली चढउतार १.८. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं, म्हणजे ७४५ मिनिटं. भरतीच्या क्षणापासून वेळ मोजली तर पाण्याची उंची = २.८ + १.८ कॉस(३६०° × मिनिटं ÷ ७४५). आता विचारा: पाणी ४ मीटरच्या वर किती वेळ राहील? कॉस २/३ पेक्षा मोठा हवा, म्हणजे कोन सुमारे ४८ अंशांच्या आत, म्हणजे भरतीच्या आधी १०० मिनिटं आणि नंतर १०० मिनिटं. एकूण ३ तास २० मिनिटं.

हे ३ तास २० मिनिटं इथल्या मुलाला काय सांगतात? समुद्राची पातळी चढली की शहराच्या नाल्यांचं पाणी आपोआप समुद्रात उतरत नाही, म्हणून हाजी अली, लव्हग्रोव्ह, इर्ला इथे ते पंपानं उपसून टाकावं लागतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्यात भरतीही होती. तुमच्या वर्गातली मुलं तेव्हा जन्मलेली नव्हती, पण घरोघरी ती गोष्ट सांगितली जाते. कुर्ल्यात किंवा हिंदमाताजवळ, पाणी तुंबणाऱ्या भागात, राहणाऱ्या मुलाला 'आवर्तन काळ' हा शब्द मग समजावून द्यावा लागत नाही. खऱ्या समुद्राच्या लागोपाठच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, हेही सांगा, आणि आपलं सूत्र कुठे चुकेल ते त्यांनाच वर्तमानपत्रातले आकडे घेऊन शोधू द्या. उद्दिष्टाचं वाक्य: 'पुन्हा पुन्हा घडणाऱ्या गोष्टीची मधली पातळी, चढउतार आणि आवर्तन काळ आकड्यांवरून काढून सूत्र मांडेल, आणि ते कुठे लागू नाही ते सांगेल.' समुद्र नको असेल तर घरातली वीज घ्या: २३० व्होल्ट, सेकंदाला ५० आवर्तनं, आणि शिखर मात्र ३२५ व्होल्टवर. हा ३२५ कुठून आला याचं उत्तर दोनच्या वर्गमुळात आहे.

आता सूत्रांचा प्रश्न, ज्यावर तुम्ही वेगळं विचारलं नाहीत पण विभागप्रमुख विचारतीलच. पाठांतर उद्दिष्टात घ्यायचं का? माझं मत: घ्यायचं, पण वेगळ्या ओळीत, आणि प्रामाणिकपणे. एमएचटी-सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत असतात, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटांहूनही कमी, आणि साधारण पाचवा हिस्सा अकरावीचा. तिथे बसून कोणी सूत्र सिद्ध करत नाही. तेव्हा 'ठरलेली सूत्रं न बघता लिहील' हे एक उद्दिष्ट. आणि त्याच्या शेजारी दुसरं: 'कॉस(अ − ब) च्या सूत्रापासून सुरुवात करून बेरजेची आणि दुपटीची सूत्रं अर्ध्या पानात काढून दाखवेल.' ब च्या जागी −ब घातला की कॉस(अ + ब), ९० अंशांतून वजा केलं की साइनची सूत्रं, दोन्ही कोन सारखे केले की दुपटीची. पहिलं उद्दिष्ट सीईटीसाठी आहे. दुसरं त्या दिवसासाठी आहे, ज्या दिवशी परीक्षेच्या दडपणाखाली अधिकचं चिन्ह होतं की वजाचं, हे आठवत नाही.

याच भागात 'खोटं पाडता येणं' हेही शिकवायचं. साइन(अ + ब) = साइन अ + साइन ब, हे चूक आहे असं आपण सांगतो. मुलानं ते पाडून दाखवायला हवं: दोन्ही कोन ९० अंश घे, डावीकडे साइन १८० म्हणजे शून्य, उजवीकडे २. एक उदाहरण आणि काम तमाम. समीकरण काही किमतींना खरं असतं, नित्यसमानता जिथे जिथे दोन्ही बाजूंना अर्थ आहे तिथे सगळीकडे खरी असते, हा फरक अशाच उदाहरणांतून रुजतो.

नित्यसमानता सिद्ध करताना मुलं पदं इकडून तिकडे नेतात, आणि आपण लाल शाईनं कापतो. यावर शिक्षकांत मतभेद आहेत. मी स्वतः वर्गात एकाच बाजूनं सुरुवात करून दुसरीपर्यंत पोचायला सांगत असे, कारण जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरण्याची सवय वाईट. पण एखाद्या मुलानं दोन्ही बाजूंवर काम करून शेवटी 'या सगळ्या पायऱ्या उलट वाचल्या तरी चालतात' असं लिहिलं, तर त्याला मी पूर्ण गुण दिले. त्याला माझ्यापेक्षा जास्त कळलेलं असतं.

बाकीचं भरभर. संमिश्र संख्यांत (कॉम्प्लेक्स नंबर्स) आय नं, म्हणजे −१ च्या वर्गमुळानं, गुणणं म्हणजे ९० अंशांनी फिरवणं, हे आलेखावर दाखवता आलं की पुरे. लॉगला 'कितवा घात?' असा प्रश्न म्हणून वाचता यावं. दरसाल ७ टक्क्यांनी ठेव दुप्पट व्हायला किती वर्षं, हे मुलानं लॉगच्या सारणीवरून काढावं, उत्तर दहा वर्षांहून थोडं जास्त येतं. क्रमचय-संचय या कागदात घालू नका, त्याची विचार करायची पद्धतच वेगळी आहे, त्याला स्वतंत्र पान द्या.

आता ८० मुलांत तपासायचं कसं. तासाची शेवटची तीन मिनिटं, वहीचं पाव पान, एकच प्रश्न, नाव लिहायचं, गुण नाहीत. मी त्या चिठ्ठ्या दादरहून घरी जाताना गाडीत बघायचे आणि तीन गठ्ठे करायचे: जमलं, वाट बरोबर पण अडकलं, वाटच चुकली. ८० चिठ्ठ्यांना अर्धा तासही लागत नाही, कारण प्रश्न एकच असतो आणि चुका चार-पाच प्रकारच्याच असतात. तिसरा गठ्ठा वर्गाच्या चौथ्या हिश्शाहून मोठा असला तर दुसऱ्या दिवशी पुढचा धडा नाही. आठवड्यातून दोनदा एवढं केलं तरी पुष्कळ. इंटिग्रेटेडची मुलं या चिठ्ठ्यांत कधी दिसणार नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी उद्दिष्टं लिहू नका, पण घटक चाचणीत यातलाच एक प्रश्न ठेवा, म्हणजे निदान तिथे तरी कळेल.

किती लिहायचं? या दोन विषयांसाठी वर्षाला नऊ, त्याहून जास्त नको. वरची मोजलीत तर समीकरणांचं, रूपांचं, फलांचं, वर्तुळाचं, रेडियनचं, आवर्तनाचं, सूत्रं पाठ असण्याचं, सूत्रं काढून दाखवण्याचं आणि चूक विधान पाडण्याचं, अशी नऊ होतात. प्रत्येकाखाली दोन छोट्या ओळी लिहा: 'सगळ्यांना जमायलाच हवं' आणि 'बहुतेकांना जमावं'. वर्तुळाच्या उद्दिष्टात पहिल्या ओळीत चिन्ह, दुसरीत अंदाजे किंमत. आवर्तनाच्या उद्दिष्टात पहिल्या ओळीत आलेखावरून तीन आकडे वाचणं, दुसरीत सूत्र मांडणं. आणि प्रत्येकाशेजारी पुस्तकातल्या धड्यांची नावं कंसात टाका. विभागप्रमुखांना बोर्डाचा अभ्यासक्रम पूर्ण झालेला दाखवायचा असतो, ती त्यांची खरी गरज आहे, आणि धड्यांची नावं तिथे शोभतात.

एक व्यावहारिक सूचना राहिली. मुंबईत अकरावीचे प्रवेश लांबतात आणि तुम्ही आवर्तनापर्यंत पोचाल तेव्हा पावसाळा सरलेला असेल. त्यामुळे वर्तमानपत्रातले आत्ताचे दहा-बारा दिवसांचे भरती-ओहोटीचे आकडे वेळेसकट आजपासूनच एका वहीत उतरवायला लागा.